उलटा गुडघा

बाबांनी आयुष्यात दोनच गोष्टींवर मनापासून प्रेम केलं, काचीगुड्यावर आणि स्वतःच्या मतांवर. माझा नंबर तिसरा, असं आई सांगते. तेही मी आजारी पडल्यावरच, असं पुढे जोडते.

हैदराबादच्या काचीगुड्यातलं आमचं घर दुसऱ्या मजल्यावर आहे. लिफ्ट नाही. स्टेशन इतकं जवळ की परभणीहून येणारी गाडी उशिरा असली तर तिच्या घोषणा आम्ही जेवता जेवता ऐकतो. बाबा जामबागेतल्या एका शाळेत चित्रकला शिकवायचे. ते निवृत्त झाले, आणि काही वर्षांनी त्यांचा उजवा गुडघाही निवृत्त झाला. फक्त त्याचा निरोपसमारंभ करायला बाबा तयार नव्हते.

जिना चढताना ते अधूनमधून थांबायचे आणि भिंतीकडे बघत राहायचे. "दुखतंय का?" असं विचारलं की म्हणायचे, "रंग बघतोय. केवढे पोपडे आलेत." चित्रकलेचा माणूस, रंग बघणारच, म्हणून आम्हीही काही दिवस सोडून दिलं. पण एका जिन्यात बघण्यासारखा रंग असून असून किती असणार? शिवाय बघताना त्यांचे ओठ घट्ट मिटलेले असायचे आणि कठड्यावरच्या हाताच्या शिरा वर आलेल्या असायच्या.

नारायणगुड्याच्या डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे उजेडापुढे धरला आणि गुडघा बदलावा लागेल असं स्पष्ट सांगितलं. बाबा म्हणाले, "नक्को." सबंध आयुष्य हैदराबादेत काढलेल्या माणसानं 'नक्को' म्हटलं की विषय संपतो. त्यांनी एक्स-रे पाकिटात घातला, पाकीट काखेत मारलं आणि रिक्षात बसेपर्यंत वाटेतल्या सगळ्या भिंतींचे रंग बघितले.

मी भडकले. माझा तसा स्वभावच आहे, बाबांवरच गेलेला. मी सांगून टाकलं, ऑपरेशन करायचं नसेल तर हे घर सोडा आणि कोंडापूरला माझ्याकडे या. तिथे लिफ्ट आहे. आई उठून खिडकीशी गेली. तिचं सगळं जग त्या गल्लीत होतं. भाजीवाली, भजनाच्या बायका, आणि खालच्या मजल्यावरची तेलुगू मैत्रीण, जिच्याशी आई वर्षानुवर्षं मराठीत बोलते, ती तेलुगूत उत्तरं देते आणि दोघींचं भांडणसुद्धा बिनचूक होतं. माझ्या चौदाव्या मजल्यावर तिच्याशी भांडायला कोण होतं? ती खिडकीतून खाली बघत राहिली, आणि मला माझ्याच बोलण्याचा राग आला.

अशात फ्लेमिंगो आले.

म्हणजे हिमायतसागर तलावावर आले. खरं तर हा समुद्रकाठच्या खाड्यांत, खाऱ्या चिखलात राहणारा पक्षी. हैदराबादला समुद्र नाही, पण तलावाचं पाणी ओसरून काठ चिखलाचा झाला की एखादा थवा इकडे वाट वाकडी करतो. पेपरात फोटो आला होता. बाबांनी चष्मा कपाळावर चढवून पेपर नाकाशी नेला आणि "हे बघ!" असे ओरडले की आईच्या हातातलं उलथनं खाली पडलं.

फोटोतला एक पक्षी पाऊल उचलत होता आणि त्याच्या पायाचा मधला सांधा चक्क मागे वाकला होता.

"उलटा गुडघा!" बाबा म्हणाले. "आपला पुढे वाकतो, म्हणून झिजतो. याचा मागे वाकतो. जन्मभर चिखलात एका पायावर उभा राहतो हा. जातो का कधी नारायणगुड्याला?"

"त्याला जिना कुठे चढायचा असतो?" आई उलथनं धुता धुता म्हणाली.

पण बाबांच्या डोक्यात शिरलेली गोष्ट बाहेर काढणं सोपं नसतं. त्यांनी एक्स-रेचं ते मोठं पाकीट पुढ्यात ओढलं आणि त्यावर पेन्सिलीनं फ्लेमिंगो काढला. सुरेख काढला, हात अजून तसाच होता. सांध्याशी बाण काढून वळणदार अक्षरात लिहिलं, 'उलटा गुडघा'. आतल्या एक्स-रेला बाहेर यायची बंदी होतीच, आता दारावर पहारेकरी बसला.

दुसऱ्या दिवसापासून बाबा गल्लीत उलटे चालू लागले.

सिद्धांत साधा होता. गुडघा उलटा करता येत नसेल तर निदान चाल उलटी करावी. पहिल्याच सकाळी ते पाठीकडून शहाळ्याच्या गाडीवर आदळले. शहाळेवाला म्हणाला, "क्या चचा, उल्टे कैकू चलरै? आगू का रस्ता बंद है क्या?" बाबांनी त्याला तिथेच उभं राहून फ्लेमिंगोचा पाय समजावला. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं, एक शहाळं फोडून हातात दिलं आणि म्हणाला, "ये पियो, ठंडा रैता."

मग आईनं बाबांचा आरसा व्हायचं ठरवलं. बाबा मागे मागे चालणार आणि आई त्यांच्यासमोर, त्यांच्याकडे तोंड करून, सरळ चालणार. "डावीकडे. आणखी डावीकडे. थांबा, स्कूटर. आता या. शेण आहे, पाय लांब टाका." लांब टाकता यायचा नाही, मग शेणात पडायचा. गल्लीतली पोरं ओट्यावर बसून हे बघायची. मला फार लाज वाटायची. पण एकदा मी वरून खिडकीतून बघितलं, तर दोघं एकमेकांच्या तोंडाकडे बघत चालले होते आणि आई हसत होती. इतका वेळ ती दोघं एकमेकांकडे बघताना मी कधी पाहिली नव्हती. त्या दिवशी मी त्यांना ओरडायचं सोडून चहा केला.

एवढ्यावर भागेना. बाबांना उलटा गुडघा प्रत्यक्ष बघायचा होता. "डोळ्यांनी बघितला की मग डॉक्टरीणबाईंशी बोलतो," म्हणाले. त्यांना वाटत होतं, बाईच शरमून ऑपरेशन रद्द करतील.

एका रविवारी सकाळी मी दोघांना गाडीत घालून हिमायतसागरावर नेलं. आईनं डब्यात फोडणीच्या चुरमुऱ्यांचा सुशीला घेतला होता आणि पक्षी गुलाबी म्हणून स्वतः गुलाबी साडी नेसली होती. काठावर दोन-चार पक्षीवेडी माणसं होती, सगळी मातकट कपड्यांत. त्यांनी आईकडे बघून एकमेकांकडे बघितलं. तिपाईवर मोठी दुर्बीण लावून बसलेल्या एका मुलीनं मात्र आईला जागा करून दिली.

आईनं दुर्बिणीला डोळा लावला आणि तिचा चेहरा पडला. "अगं, हे तर धुऊन रंग गेल्यासारखे दिसतायत!"

खरंच, लांबून ते पांढरेच जास्त होते. मुलगी हसली आणि हिंदीत म्हणाली की पंख उघडले की गुलाबी दिसतं, आणि तो रंग त्यांच्या खाण्यातून येतो, पाण्यातल्या शेवाळातून, बारीक कोळंबीतून. पायांनी चिखल ढवळून, डोकं उलटं करून ते पाणी गाळून खातात. "म्हणजे इथे पोटाला नीट मिळत नाही बिचाऱ्यांना," आई म्हणाली आणि तिनं नकळत डबा उघडला.

मग बाबांनी डोळा लावला. बराच वेळ लावला. एक पक्षी सावकाश पाऊल उचलत असावा, कारण बाबांचा आवाज चढला. "मागे वाकला! बघ, मागे वाकला! घुटना उल्टा है, देखो बेटा!"

मुलगी अगदी मायेनं म्हणाली, "अंकल, वो घुटना नहीं है." मग तिनं स्वतःचा पाय पुढे करून दाखवलं. आपण बघतोय तो त्यांचा घोटा. पक्षी टाच वर उचलून बोटांवर चालतात, म्हणून तो मध्येच दिसतो. खरा गुडघा वर, पोटाजवळ, पिसांत लपलेला असतो. आणि तो आपल्यासारखाच पुढे वाकतो.

चित्रकलेच्या मास्तरांना कुणी चित्र चुकलं असं सांगितल्यावर होतं ते झालं. बाबा म्हणाले, "काचेतून नीट दिसत नाही. मी जवळून बघतो." आणि आम्ही "अहो, अहो" म्हणेपर्यंत ते काठ सोडून पुढे गेले. वरून सुकलेला चिखल दोन-तीन पावलं त्यांना सांभाळून घेत गेला. मग उजवा पाय खचकन पोटरीपर्यंत आत गेला.

चिखलातून पाय काढायला गुडघा वाकवून वर ओढावा लागतो. बाबांनी ओढला. पाय आला नाही. पुन्हा ओढला. दूर पाण्यात फ्लेमिंगो डोकी उलटी करून निवांत खात होते, आणि मध्ये माझे बाबा दोन्ही हात पसरून उभे होते. वाळक्या चिखलात रुतलेला तो एकमेव पक्षी गुलाबी नव्हता, रागानं लाल होता.

मी चपला काढत होते तेवढ्यात आई साडी खोचून पुढे गेलीसुद्धा. ती त्यांच्या अगदी समोर उभी राहिली, गल्लीत राहायची तशीच, आणि तिनं त्यांचे दोन्ही हात धरले.

"आता मी मागे मागे जाते. तुम्ही पुढे या."

"वाकतच नाही गं," बाबा म्हणाले. मग इतक्या हळू की मला ते जेमतेम ऐकू आलं, "मला भीती वाटते. ऑपरेशननंतर परत उभंच राहता आलं नाही तर?"

"मी आहे ना समोर," आई म्हणाली. "ओढा."

मला एकदम रडू आलं. एवढे दिवस मी त्यांच्या हट्टाशी भांडत होते, आणि तो हट्ट नव्हताच.

पाय निघाला. बूट राहिला, तो अजून हिमायतसागरात आहे. बाबा आईचे हात धरून, चिखलानं माखलेला पाय अधांतरी ठेवून, क्षणभर चांगले एका पायावर उभे राहिले. तेवढ्यात कशानं तरी बिचकून थवा उठला, पंख उघडले आणि सगळीकडे गुलाबी रंग झाला. "अय्या!" आई म्हणाली. बाबा बूट गिळलेल्या चिखलातल्या भोकात बघत होते, त्यांचं बघायचं राहिलं. परतीच्या वाटेवर ते एका बुटानिशी मागच्या सीटवर सगळा सुशीला खात बसले.

घरी येऊन त्यांनी पाकीट घेतलं, खोडरबरानं बाण खोडला आणि पक्ष्याच्या पोटाजवळ, पिसांच्या आत, एक बारीक गुडघा काढला. पुढे वाकलेला. मग पाकीट माझ्या हातात दिलं. "नारायणगुड्याला फोन लाव," म्हणाले.

ऑपरेशन नीट झालं. हॉस्पिटलमध्ये त्यांनी व्यायाम घेणाऱ्या मुलीला फ्लेमिंगोचा घोटा इतक्यांदा समजावला की ती त्यांच्या खोलीत सगळ्यात शेवटी यायला लागली.

घरी परतलो त्या दिवशी मी जिन्याखाली त्यांच्या पाठीशी उभी राहिले. त्यांच्या एका हातात काठी, दुसरा हात कठड्यावर. आई त्यांच्या वरच्या पायरीवर, त्यांच्याकडे तोंड करून, एक एक पायरी उलटी चढत होती. "या. आता ही. या." खालच्या मजल्यावरची मैत्रीण दार उघडून तेलुगूत सूचना देत होती आणि आई तिला मराठीत गप्प करत होती.

अर्ध्यावर बाबा थांबले. ओठ मिटले. नजर भिंतीकडे गेली.

"रंग बघताय का?" आईनं विचारलं.

बाबांनी भिंतीवरून नजर काढली आणि तिच्याकडे बघितलं.

"नाही," ते म्हणाले. "दुखतंय. जरा थांबू या."

आई तिथेच पायरीवर बसली. आम्ही तिघंही थांबलो. मग बाबांनी काठीनं भिंतीचा एक पोपडा पाडला आणि म्हणाले, "पण भिंतीला रंगही काढायला झालाय."