पसंतीच्या आधीची भाकरी

मला बघायला पाहुणे आले ते तासाभरासाठी, आणि राहिले पाच दिवस. आमच्या गावात आलेल्या माणसाला गाव लवकर सोडत नसे, आणि त्याला आम्ही पाहुणचार म्हणत असू. खरं कारण भोगावती नदी होती.

गाव नदीच्या वळणात बसलेलं. तीन बाजूंना नदी, चौथ्या बाजूला ओढा. श्रावणात ओढ्यात नदीचं पाणी चढलं की गावाचं बेट व्हायचं. ओढ्यावर पूल मंजूर झालेला होता. तो माझ्या जन्माआधी मंजूर झाला, आणि मी मॅट्रिकला बसायची झाले तरी मंजूरच होता. परका माणूस आला की त्याला पुलाची जागा दाखवायला नेत. तिथं एक दगड होता.

पाहुणे दोघंच होते, मुलगा आणि त्याचे मामा. राहणारे नेसरीचे, मुलाचं गडहिंग्लजला सायकलचं दुकान. मामांनी मला नाव विचारलं, शिक्षण विचारलं, चालायला लावलं, सुईत दोरा ओवायला लावला. मुलगा एवढा वेळ पोह्यांच्या बशीत काहीतरी शोधत होता. मी बाहेर पडले तेव्हा मला त्याचा भांग तेवढा ओळखता आला असता.

बघण्याचा कार्यक्रम उरकला तोवर ओढ्यावर पाणी चढलेलं होतं. नाव पलीकडच्या काठाला, आणि नाववाला पलीकडच्याच गावात सासुरवाडीला. माझ्या वडलांनी, आबांनी, काहील आणवली. काहील म्हणजे गूळ करताना उसाचा रस आटवायची भलीथोरली कढई. पुरात आम्ही तिचीच होडी करत असू.

मामांनी तिच्याकडं बघितलं. "मला काय गूळ करायला काढलायसा व्हय?"

"न्हाय वो पावणं, चार माणसं आरामात बसत्यात. गेल्या साली म्हसरू नेलंय हिच्यातनं."

"म्हसरू पवतंय. मी न्हाय पवत."

झालं. पसंती कळवल्याशिवाय मुलीच्या घरी मुक्काम करायचा नाही, म्हणून दोघांची सोय शाळेत झाली. पण त्याहून अवघड दुसरा नियम होता. पसंतीच्या आधी मुलीच्या घरचं जेवायचं नाही. जेवलात की होकार दिलात. मामा तर अजून विचार करत होते. त्यांना आणखी दोन मुली बघायच्या होत्या. शेजाऱ्यांनी बोलवावं, तर सगळं गावच मुलीचं घर.

मग मामांनी कायदा केला. ताटात येतं ते जेवण, बशीत येतं तो फराळ. त्याप्रमाणे आई बशीतून पोहे पाठवू लागली. पोहे संपल्यावर बशीतून उप्पीट गेलं, मग बशीतून शिरा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती घरातली सगळ्यात मोठी बशी शोधत होती. मामांनी सहा बश्या शेंगदाणे खाल्ले आणि अजून पसंतीचं नाव काढलं नाही. मुलगा वाळत चालला होता.

आता बाईंचं सांगायला हवं. शाळेला लागून दोन खोल्यांत आमच्या शाळेच्या बाई राहायच्या. एकट्या, शाहूवाडीकडच्या, बौद्ध. गाव त्यांना फार मानायचं. सरपंचांचे अर्ज त्या लिहायच्या, बायकांची पत्रं त्या वाचून दाखवायच्या. 'आमच्या गावात भेदभाव न्हाय' हे तर जो तो सांगायचा. फक्त बाईंच्या दारात गेल्यावर गावातल्या एकाही माणसाला कधी तहान लागत नसे.

मी त्यांच्याकडं मॅट्रिकच्या अभ्यासाला जायची. ओसरीवर बसायचं आणि पाणी घरून न्यायचं, हे आईनं बजावलेलं. ते मी आठ दिवस पाळलं. नवव्या दिवशी बाईंच्या तव्यावर भाकरी टम्म फुगली आणि माझं शील गेलं. त्यानंतर वर्षभर आई विचारायची, "बाईंच्याकडं काय घेतलं न्हाईस न्हवं?" आणि मी म्हणायची, "न्हाय." खोटं बोलण्यात मी गावाइतकीच तरबेज झाले होते. हे बाहेर फुटलं असतं तर अभ्यास बंद झाला असता, आलेलं स्थळ गेलं असतं, आणि पोरीला बाटवली म्हणून बाईंना गावात राहणं मुश्कील झालं असतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी बाईंच्या चुलीपुढं बसून झुणका-भाकरी खात होते. तेवढ्यात दारात मुलगा उभा.

"बाई, भाकरी मिळंल काय? दोन दिस झालं, बशीत हाय मी."

बाई तव्यावरून नजर न काढता म्हणाल्या, "पावणं, मी बौद्ध हाय. आधीच सांगते. खाऊन मागनं आंघोळ करायची असंल तर भायेर पूर हायच."

"आंघोळीचं न्हाय वो. पोटाचं बोला."

तो आत आला आणि त्यानं मला बघितलं. माझे दोन्ही गाल भरलेले, हातात चतकोर भाकरी. पोह्याच्या बशीआडून न झालेलं दर्शन त्याला इथं संपूर्ण झालं.

"तुमी हितं?"

मी घास गिळायला लागले. बाई म्हणाल्या, "अभ्यास करतीय ती."

"कुठला इषय?"

"दिसतोय की. झुणका."

तो हसला आणि मांडी घालून बसला. अडीच भाकऱ्या झाल्या असतील, तोवर शाळेकडून मामांच्या हाका ऐकू आल्या. मी आतल्या खोलीत शिरले आणि दाराच्या फटीला डोळा लावला. हा आता एक शब्द बोलला की सगळं संपलं.

मामा उंबऱ्याबाहेरच थांबले. "आरं ए! हितं जेवलास?"

"जेवलो की."

"कुणी बघितलं न्हाय न्हवं?"

मुलानं भाकरीचा तुकडा झुणक्यातून फिरवला. "मी खाली मान घालून जेवत हुतो."

"उद्यापासनं हितं पाय ठेवायचा न्हाय!"

"मग जेवू कुठं?"

मामांच्या पुढं एकीकडं पूर होता, एकीकडं काहील, आणि समोर भाचा तिसऱ्या भाकरीला हात घालत होता. पुढच्या दोन मुली मामांच्या मनातून त्या क्षणी वाहून गेल्या. ते वळले ते सरळ आमच्या घराकडं. मी मागच्या बोळानं धावत सुटले.

"मुलगी पसंत हाय," मामांनी आमच्या दारातूनच सांगितलं. "ताटं वाढा."

आबांच्या डोळ्यांत पाणी आलं. माझी रीतभात, चालणं, सुईदोरा बघून पसंती झाली असं ते पुढं कितीतरी वर्षं सांगत. मला कुणी विचारलं नाही. बाटण्याच्या धाकानं माझं लग्न जमत होतं, आणि वाढायलाही मलाच उभं केलेलं.

मामांना वाढलं, आबांना वाढलं. मुलाच्या ताटापुढं भाकरी हातात धरून मी थांबले. घरच्यांना वाटलं, पोर लाजली. मी हळूच विचारलं, "बाईंच्याकडं जेवल्याचं घरी सांगणार काय?"

त्यांना हळू बोलता येत नसे. अजूनही येत नाही.

"भूक हुती म्हणून गेलतो. लई मोठं काय केलं न्हाय," ते म्हणाले. "पण कुणी इचारलं तर न्हाय कशाला म्हणू?"

मामांनी डोळे वटारले. आबांना काही उमगेना. आणि मला माझी वर्षभराची सगळी 'न्हाय' एकदम आठवली. मी भाकरी त्यांच्या ताटात ठेवली. मग मामांकडं बघत राहिले. त्यांनी पहिला घास घेतला, चावला, गिळला. दुसरा तोंडात घातला. आता होकार मागं घ्यायची सोय उरली नव्हती.

"आबा," मी म्हणाले, "बाईंच्याकडं मी बी जेवतीय. वर्ष झालं."

आईच्या हातातली पळी आमटीत बुडाली. आबांचा हात ताटावर तसाच राहिला. सगळे मामांच्या तोंडाकडं बघू लागले, कारण निकाल तिथं होता. मामा घास या गालातून त्या गालात फिरवत राहिले. एकदा त्यांनी दाराबाहेर बघितलं. पाणी शेजारच्या गोठ्यापर्यंत आलं होतं, आणि काहील अंगणात पालथी होती. मग त्यांनी घास गिळला.

"आमटीत मीठ कमी हाय," मामा म्हणाले.

आबा माझ्यावर खेकसले, "मग उभी काय ऱ्हायलीस? वाढ की मीठ!"