वाटीतले चार वडे

तर काल कुठं थांबलो होतो आपण? हां, आप्प्याच्या भांड्यापाशी. रंगूवहिनींनी त्या भांड्याच्या खळग्यांत थेंब थेंब तेल सोडलं आणि बटाटेवडे बसवले. नाथाजी शेजारी पाटावर बसून बघत होता. म्हणाला, "ह्यो काय वडा म्हणायचा का गं? ह्यो तर आंघोळ न करताच ताटात यायला लागलाय!" इतकं हसलो होतो आम्ही! वहिनी मात्र हसल्या नाहीत. एकेक वडा उलटवत राहिल्या.

नाथाजी माझा पहिलीपासूनचा सोबती. सातवीला मी शाळा सोडून बैलं धरली, तो पुढं शिकून मिलिटरीत गेला. सतरा वर्षं नोकरी करून गावी आला, ऊस लावला, आणि साठीत त्याच्या छातीत कळ आली. कराडच्या दवाखान्यात स्प्रिंग बसवली. डॉक्टरांनी तळलेलं बंद केलं. सकाळी भजी आणि संध्याकाळी वडा लागणारा गडी तो! दोन दिवस बायकोशी, म्हणजे रंगूवहिनींशी, बोलला नाही, जसं काय तिनंच बंद केलं.

वहिनींचं माहेर जतकडचं. तिकडं पाऊस बेताचा आणि घरात तेल त्याहून बेताचं. भाजून, उकडून, वाटून त्यांची आई चवीचं करायची. आमच्या उसाच्या गावात आल्यावर वहिनींनी ते सगळं बाजूला ठेवलं होतं, कारण इथं आमटीवर बोटभर तांबडा कट नसला तर पाहुणा घरी जाऊन नावं ठेवतो. नाथाजीसाठी त्यांनी ते परत बाहेर काढलं. आमटीला तीळ आणि कांदा कोरडा भाजून वाटायच्या. पोळी खपली गव्हाची, पुरणात गूळ निम्मा. कोथिंबिरीची वडी वाफवून नुसती तव्यावर फिरवलेली. चव कशी होती म्हणाल, तर तेव्हा मला सांगता आली नसती. मी खाल्लंच नव्हतं.

जमेल ते त्या वाटत सुटल्या. गल्लीतल्या दहा घरांत वाटी जायची, सोबत तोंडी कृती. "तेल बोटानं पुसून घ्यायचं, वर झाकण ठिवायचं, आन् घाई करायची न्हाई." त्यांची सून पूजा मोबाईलवर शूटिंग करायची, तेव्हा वहिनी पदर सावरून वड्यालाच दटावायच्या, "नीट बस रं!"

आणि मी काय केलं? पारावर बसून त्या सगळ्याला नाव दिलं, कोरडवाहू सैपाक. चार माणसं हसली आणि नाव चिकटलं. मग वाटी घेतानाच बायका विचारायला लागल्या, "रंगूबाई, आज कोरडवाहूत काय पिकलंय?" दहा घरांची पाच झाली, पाचाची तीन. माझं घर मात्र त्यांनी कधी सोडलं नाही. आठवड्यातून दोनदा वाटी, आणि वड्याच्या दिवशी तिच्यात नेमके चार वडे.

ते चारही मी मोत्याला घालायचो. कुत्रं मिटक्या मारत खायचं, तरी माझ्या डोक्यात उजेड पडला नाही.

आता आमच्याकडं शेजाऱ्याचं भांडं रिकामं परत देत नाहीत. मी वाटी धुऊन खिशात घालायचो आणि स्टँडवरच्या गाड्यावर जायचो. कढईतनं निघालेली कांदाभजी वाटीत भरून घ्यायची. एसटीच्या शेडमध्ये नाथाजी वाट बघत असायचा.

"आली का रं रसद?"

"आली. वैरी कुठाय?"

"वैरी घरात मीठ मोजतोय. आण हिकडं."

तो खायचा, मी त्याच्याकडं बघत बसायचो. बालपणीच्या दोस्ताला दोन घास सुखाचे मिळतायत, याचं मला लय समाधान. मग नळावर वाटी विसळायची आणि त्याच्याच ओट्यावर नेऊन ठेवायची. पाच वर्षं हे चाललं.

एकदा वहिनींनी मला दारात अडवलं. हातात दवाखान्याचा कागद. "भावजी, तुमी बाहेर चार माणसांत वावरता. मला सांगा, माझं कुठं चुकतंय? तेल मोजून, मीठ मोजून, आन् तरी दर खेपंला डॉक्टर म्हणतोय, चरबी वाढलीय."

माझ्या हाताला तेव्हा भज्यांचा वास होता. मी हात पाठीमागं घेतला आणि म्हणालो, "वय झालं त्याचं, वहिनी." त्या कागदाकडं बघत आत गेल्या. त्या दिवसापासून त्यांनी आमटीतलं उरलंसुरलं तेलही काढलं, असं पूजा सांगत होती.

परवाच्या उन्हाळ्यात नाथाजी उसाला पाणी द्यायला गेला, बांधावर बसला, तो उठलाच नाही. भज्यांनी गेला असं कुणी म्हणालं नाही. मलाही ठाऊक नाही. पण एसटीच्या शेडमध्ये मी तेव्हापासून बसलेलो नाही. गाडी येईपर्यंत उन्हात उभा राहतो.

गेल्या महिन्यात माझीच साखर वाढलेली निघाली. सून क्रांती म्हणाली, "मामा, आता रंगूआत्तींकडनं शिकून घेते." आणि नाथाजी गेल्यापासून बंद असलेली ती वाटी दुसऱ्याच दिवशी आमच्या घरात आली. झाकण काढलं, तर आत दोनच वडे. ते मी खाल्ले. वरून कुरकुरीत, आत मऊ, आलं-मिरचीचा ठसका शेवटी येणारा. असा वडा कराडच्या बाजारातही मिळायचा नाही. दुसरा अर्धा झाला तसा उठलो.

वाटीत घरामागच्या परड्यातले पेरू भरले आणि स्वतः घेऊन गेलो. वहिनी भांड्यात पीठ कालवत होत्या. म्हटलं, "वहिनी, एवढी वर्षं चार यायचे, आज दोनच कसे?" आणि त्यांनी तोंड उघडायच्या आत सगळं सांगून टाकलं. मोत्या, गाडा, भजी, शेड, नळ. हात पाठीमागं घेतला होता, तेही.

वहिनींनी पेरू एकेक करून टोपलीत काढले. वाटी पुसली. पाट माझ्याकडं सरकवला.

"मला म्हाईत हुतं, भावजी. कोण शेजाऱ्याची वाटी रिकामी धाडतं का? आन् तुमची वाटी दर बारीला रिकामीच यायची, वर तेलाचा वास. कागद घेऊन इचारलं, ते तुमच्या तोंडनं निघावं म्हणून. चार वडं घालत हुते, त्यातलं दोन तुमचं, दोन ह्येंचं. ह्येंला एकट्याला घरात ते गिळवत न्हवतं, तुमी संगं बसून खाल्लं असतं तर खाल्लं असतं त्येनी. म्हणून धाडत ऱ्हायले. आता बसा, आमटी निवाय लागली."