हवा मानवली नाही

परवा एका लग्नात जुन्या ओळखीची बाई भेटली आणि पुन्हा तोच प्रश्न आला... बेंगळुरूची एवढी चांगली नोकरी इतक्या लवकर का सोडलीस गं? मी सवयीने म्हणाले, हवा मानवली नाही. घरी येताना स्वतःचाच राग आला, म्हणून हे लिहितेय.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. पुण्यात डिप्लोमा करून मी यशवंतपूरच्या एका कारखान्यात ड्रॉइंग सेक्शनला लागले होते. राहायला बसवनगुडीत, मावशीकडे. त्या कामावर माझा जीव होता.

बसस्टॉपवर एक माणूस उभा असायचा. मी चढले की चढायचा, उतरले की उतरायचा... कधी बोलला नाही, कधी अंगाला हात लावला नाही. मग एका सकाळी तो मावशीच्या फाटकासमोर दिसला आणि मी कामावर जाणंच बंद केलं.

पोलिसांत तरी काय सांगणार, उभा राहतो म्हणून? मावशीने पुण्याला कळवलं की पोरीला इथली हवा मानवत नाही. मीही तेच लिहून राजीनामा पाठवला.

पुढे काही आठवड्यांनी मावशीच्या ओळखीतून शैला आली. मूळची बेळगावची, मानसशास्त्रात संशोधन करणारी. बायकांचा पाठलाग होतो तो त्रास मोजायचा कसा, याचा तिचा अभ्यास होता. आम्ही तोवर सगळ्यालाच छेडछाड म्हणायचो... स्टॉकिंग हा शब्द मी तिच्याच तोंडून पहिल्यांदा ऐकला.

तिने प्रश्नावली काढून विचारलं, गेल्या महिन्यात कुणी मागे आलं का? चिठ्ठी, फोन, धमकी? मी सगळ्याला नाही म्हणाले, आणि त्यातलं एकही उत्तर खोटं नव्हतं. तिने बेरीज केली, शून्य आली. हसून म्हणाली, बरं झालं, तुम्हाला काही त्रास नाही.

मग तिने विचारलं, बनशंकरीची बस कुठून मिळते, कोपऱ्यापर्यंत दाखवायला येता का? भर दुपार होती, रस्त्यावर वर्दळ होती. मी म्हणाले, स्वल्प, थोडं थांबा ना, मावशी देवळातून आली की तिच्याबरोबर येते...

शैला पर्स खांद्याला लावून उठली होती, ती परत बसली.

"अक्का, तुम्ही एकट्या घराबाहेर शेवटचं कधी गेलासा?"

मला आठवेना. आणि मग रडू आलं, ते थांबेना. मावशी आली तरी मी रडतच होते.

शैलाने प्रश्नावली पुन्हा उघडली. मग म्हणाली, "मागं कोण आलं एवढंच आम्ही विचारत होतो. भिऊन जी घरातच बसली, तिचा आकडा शून्यच येणार की."

नंतर ती मुद्दाम सांगायला आली. प्रश्नावलीत नवा प्रश्न घातला होता... त्याच्यामुळे तुम्ही काय काय सोडलंत? सगळ्यात आधी तिने तो मलाच विचारला. मी म्हणाले, बस, बाजार, गच्चीवर केस वाळवणं... आणि नोकरी. त्याच्यामुळे नोकरी सोडली, हे मी तेव्हा पहिल्यांदा मोठ्याने बोलले.

त्या बळावर मी मावशीला घेऊन कारखान्यात गेले. साहेब चांगले वागले, पण माझ्या टेबलावर दुसरी मुलगी बसली होती. त्याच आठवड्यात बाबा न्यायला आले. ड्रॉइंग बोर्डासमोर मी पुन्हा कधी उभी राहिले नाही, आणि त्याची हळहळ अजून जात नाही.

शैला, कुठे असशील तिथे सुखी राहा. तू तेव्हा परत बसलीस, ते मी विसरले नाही.

आणि लग्नात भेटलेल्या ताई, तुम्ही हे वाचत असाल तर... बेंगळुरूची हवा फार छान होती हो.