खडूच्या फुल्या

गुडघ्याने दगा दिला, वीस वर्षांचं कथक सुटलं आणि मी मालवणात लग्नसमारंभांची आखणी करायला लागले. स्टेजवर कुणी कुठे उभं राहायचं, एवढं तरी मला ठरवता येतं, असं वाटलं होतं.

मसुऱ्यातल्या एका लग्नात स्टेज लहान आणि नातेवाईक अमाप. म्हणून सकाळी लवकर जाऊन मी प्रत्येकाच्या जागेवर खडूने फुली मारली. तालमीत आम्ही अशाच मारायचो. नऊ वाजता बघते तर स्टेज लख्ख! नवरीची मामी फडकं पिळत होती.

"खडूची घाण होती गो, मी पुसून काढलंय."

मी कपाळावर हात मारला. मुहूर्ताला सगळे एकदम वर चढले आणि नवरी दिसेनाशी झाली. सनईपुढे माझं ओरडणं कुणाला ऐकू जाईना. शेवटी कशीबशी समोरच्या खुर्चीवर चढले आणि समूहनृत्यात मुलींना खुणावायची तसं, नजरेने आणि हातांनी एकेकाला मागे सरकवलं. माणसं चक्क सरकली. अंतरपाट दूर झाला तेव्हा नवरी सगळ्यांना दिसली.

जेवताना मामी शेजारी बसली. "मगाशी खुर्चेर चढान कित्याक नाचत होतंस गो? लगीन आमचा, आणि लोक तुका बघी होते!"