शेजारच्या निशाणावरचा दहा

दिपाचं जाकीट मी धुतलं. साबण लावून, कोमट पाण्यात, वर चांगलं पिळून. हेतू चांगला होता हे मी तेव्हाही सांगितलं, आताही सांगतो. दोन्ही वेळा कोणी ऐकलेलं नाही.

दिपा घरत आमच्या समोरच्या दारात राहते. कामोठ्याच्या एका शाळेत पी.टी. शिकवते. त्या दिवशी ती उरणला आत्याकडे हळदीला गेली होती आणि किल्ली माझ्या बायकोकडे, रमाकडे होती. दिपाच्या गॅलरीत एक जाकीट उन्हाला टांगलेलं होतं, त्यावर कबुतरानं आपलं मत नोंदवलं. म्हणून मी ते काढलं. जाड कॅनव्हास, कोपरांना चामडं, आणि इतकं ताठ की खुर्चीत बसवलं तर पाहुणा वाटावा. मळानंच कडक झालं असणार, असं मी ठरवून टाकलं.

संध्याकाळी दिपा आली. दोरीवर मान टाकून लोंबणारं जाकीट पाहून तिनं हातातली पिशवी खाली ठेवली.

"काका, ह्ये कुनी केलं?"

"अगं, आता बघ कसं मऊसूत झालंय."

"मऊच नको ना त्ये."

रमानं माझ्याकडे असं पाहिलं, की मलाही कोणीतरी पिळून वाळत घालावं असं वाटलं.

ते जाकीट नेमबाजीचं होतं. दिपा रायफल चालवते, पालथी झोपून, पन्नास मीटरवर. तिथला दहाचा गोल म्हणजे कपाळावरची टिकली. श्वास जरा चुकला की टिकली निसटते. म्हणून हे जाकीट अंगाला आवळून धरतं, छातीची धडधड बंदुकीपर्यंत जाऊ देत नाही. ताठपणा हा त्याचा एकमेव गुण, आणि तो मी मोरीत सोडून दिला होता. राज्याची स्पर्धा पुढच्या रविवारी. तिथून देशाची, आणि तिथून जमलं तर पुन्हा जागतिक.

पुन्हा, कारण दिपा एकदा जाऊन आली आहे. कॉलेजात एन.सी.सी.च्या शिबिरात पहिल्यांदा पालथी पडली तेव्हा, ती सांगते, मातीचा वास आला आणि बाकी सगळं गप झालं. घरच्यांना वाटलं, पोरगी पोलिसात जाईल. ती गेली थेट जर्मनीला, जागतिक स्पर्धेला.

तिथं काय झालं ते तिनं मला एकदाच सांगितलंय. सोसायटीच्या गच्चीवर. ती रोज सकाळी तिथं सतरंजीवर पालथी पडून सुताराकडून करून घेतलेल्या लाकडी बंदुकीनं नेम धरते. वारा ओळखायची सवय राहावी म्हणून समोरच्या दोऱ्यांवरचे कपडे बघते. माझा लेंगा हा तिचा मुख्य बावटा आहे. तो फडफडला की ती थांबते. आयुष्यात माझ्या लेंग्याकडे इतकं गंभीरपणे कोणी पाहिलेलं नाही.

"तिथं पन बावटेच असतात," ती म्हणाली. "वारा फिरला म्हनून मी बावट्याकडं बघितलं. परत बंदुकीच्या छिद्रातून बघितलं, तं बाजूचं निशान धरलं. लय शांत वाटत व्हतं, काका. असं कदी वाटलं नवतं. गोली सुटली आन माझ्या गुनांच्या पडद्यावर काय उमटंच ना. बाजूची पोरगी नॉर्वेची. तिनं बंदूक उचललीच नवती, आन तिच्या पडद्यावर दहा. मदोमद."

"मग तो दहा कोणाचा?"

"कुनाचाच नाय. तिचा धरला नाय, मला शून्य."

एवढं बोलून ती पुन्हा पालथी पडली. ही गच्ची जिथं आहे तिथं खाली तिच्या आज्याचं भाताचं खाचर होतं. तिला आठवण करून दिली तर म्हणते, हाय ना, पार्किंगच्या खाली. जर्मनीहून आल्यावर शाळेतली नोकरी लागली, आईचं आजारपण आलं, जाकिटाची बटणं लागेनाशी झाली. बटणं लागतील त्या दिवशी परत स्पर्धेत उतरायचं असं तिनं ठरवलं होतं. दर दिवाळीला ती जाकीट घालून बघायची आणि फराळ परत करायची. आमच्याकडचे तिच्या वाटचे अनारसे मीच खात आलोय. यंदा एकच बटण लागायचं उरलं, तेव्हा तिनं स्पर्धेला नाव देऊन टाकलं. हल्ली तिला क्लबात सरावाला जाताना बघावं. एखादी सासुरवाशीण माहेरच्या गाडीची वाट बघते ना, तसा चेहरा.

तर जाकीट. रमानं विचारलं, "सुती साडी मऊ पडली तर आपण काय करतो?"

मग दोघींनी आमच्या स्वयंपाकघराचा ताबा घेतला. रमा साबुदाण्याची खळ करत होती. दिपा म्हणाली, "नाय काकू, आपल्या तांदलाची पेज." पेजेचा पहिला हात दिला, तर जाकिटाला मुंग्या लागल्या. दुसऱ्या हाताला जाकीट इतकं कडक झालं की दिपा घाबरली, कारण स्पर्धेआधी यंत्र लावून ताठपणा मोजतात आणि जास्त भरला तर जाकीट बाद. मग पेज पातळ केली. मला फक्त पंखा चालू-बंद करायचं काम होतं.

शनिवारी तिनं ते घातलं. धुण्यानं कापड थोडं सैलावलं होतं की अनारशांचा त्याग फळाला आला होता, कोण जाणे. एकेक करत सगळी बटणं लागली. घरभर भाताचा वास. दिपा कोपर टेकवून आमच्या हॉलमध्येच पालथी पडली आणि टीव्हीच्या खालच्या लाल दिव्यावर नेम धरला. बराच वेळ. रमानं हातातली पळी तशीच धरून ठेवली.

मला राहवलं नाही. मी म्हटलं, "दिपा, सगळं पार करून तू परत तिकडं पोचलीस, आणि परत बाजूच्याच निशाणावर गोळी गेली तर?"

तिनं दिव्यावरची नजर काढली नाही.

"जाऊंदे, त्यो बी दहाच असल."