आदी सांग, मंग हात लाव

कोणी खाटेजवळ आलं की तिचा उजवा हात वर जायचा. पंजा उघडा, बोटं जुळलेली, चौकातला पोलीस मोटार अडवतो तसा. आणि मागोमाग ते वाक्य यायचं, "आदी सांग, मंग हात लाव."

तुमच्यापैकी कोणी त्या काळात इस्पितळाच्या मोठ्या वॉर्डात राहिलं असेल, तर तिथली रीत तुम्हाला ठाऊकच आहे. पेशंटनं विचारायचं नसतं. जीभ दाखव म्हटलं की दाखवायची, कूस बदल म्हटलं की बदलायची. आमच्या नगरच्या इस्पितळातही हेच चालायचं, आणि मी नवी नर्स असल्यामुळे मला तर ते फारच सोयीचं वाटायचं. नेमकी ही बाई माझ्याच वाट्याला आली.

साल दुष्काळाचं होतं. ती कर्जतकडची, पन्नाशी उलटलेली, विधवा. रस्त्याच्या कामावर खडी फोडत असताना मुरमाचा ढिगारा अंगावर आला आणि मांडीचं हाड मोडलं. गावातल्या जाणत्यानं बांबूच्या कामट्या बांधल्या होत्या. त्या तशाच ठेवून कामावरच्या ट्रकनं तिला आणलं. बरोबर धाकटा भाऊ. तोही केस पिकलेला, पण आई लवकर गेल्यामुळे हिनंच त्याला कडेवर वागवून मोठा केलेला. तिला 'आक्का' म्हणताना अजून त्याचा आवाज लहान व्हायचा.

पहिल्याच दिवशी मी थर्मामीटर झटकून तिच्या तोंडाकडे नेला. हात वर.

"ही काचंची कांडी कशापाई?"

"ताप बघायला, मावशी."

"मंग त्वांडात कशाला? कपाळ हाय की."

मी समजावलं. तिनं नीट ऐकलं, तोंड उघडलं, आणि मी पुढच्या खाटेकडे वळले तोवर शेजारणीला सांगून मोकळी झाली, "चावू नगंस बरं का, काच हाय. आत पारा असतोय."

आम्ही पेशंटना खाटेच्या नंबरानं हाक मारायचो. तिची खाट नऊ नंबरची. मी एकदा लांबून "ए नऊ नंबर" म्हणून ओरडले, तर म्हणाली, "मी काय यष्टी हाय का गं नंबर लावाया?" सगळा वॉर्ड हसला. मला राग आला, मग हसू आलं. त्या दिवसापासून ती सगळ्यांची मावशी झाली आणि हळूहळू बाकीच्या बायकांनाही आपापली नावं मिळाली.

आमचे डॉक्टर हाताचे कसबी, पण जिभेचे तिखट. त्यांनी ठरवलं की गुडघ्याखालच्या हाडातून बारीक सळई घालायची, तिला दोरी बांधायची आणि खाटेच्या टोकावरून वजन लोंबतं ठेवायचं. वजन म्हणजे काय, तर दोरीत बांधलेल्या विटा. मोडलेलं हाड त्या ओढीनं सरळ राहतं आणि सरळच जुळतं. संमतीसाठी मी रिवाजाप्रमाणे भावाचा अंगठा घ्यायला शाईचं पॅड पुढं केलं. बाईमाणसाच्या अंगावर सुरी चालवायची तर घरच्या पुरुषाचा अंगठा घ्यायचा, यात काही वावगं आहे असं तोवर आमच्यापैकी कुणाला वाटलं नव्हतं.

हात वर. "पाय कुनाचा?"

"तुमचा, मावशी."

"मंग अंगटा त्याचा कशापाई?"

डॉक्टरांनी कपाळाला आठ्या घातल्या. ती त्यांच्याकडे वळून म्हणाली, "डाक्टरबाबा, तुमी करा काय करायचं ते. पन मला सांगून करा. अन येक सांगा, मला उकिडवं बसता यील का? चुलीपुढं बसता आलं न्हाई तर मी कुनाच्या घरी जाऊन खाऊ?"

भाऊ वेगळा राहायचा, तिच्या घरात दुसरं कोणी नव्हतं. आपली भाकरी आपण भाजायची, एवढंच तिचं मागणं होतं. डॉक्टरांना घाई होती, पण या प्रश्नापाशी ते थांबले. "हाड सरळ जुळलं तर येईल. आखूड जुळलं तर लंगडशील आणि गुडघाही वाकणार नाही. म्हणून या विटा कोणी हलवायच्या नाहीत. दुखलं तरी नाही. कळलं?"

"कळलं," असं म्हणून तिनं स्वतःचा अंगठा शाईत बुडवला. इतका दाबून उठवला की खालच्या कागदावरही वळ उमटला.

मग ती आमच्या वॉर्डाची मुकादमच झाली. गोळी उशीखाली लपवणारीला ती ओळखायची. "सांगून खा न्हाई तर सांगून टाक, पन लपवू नगं," असा तिचा कायदा. भेटायला आलेली माणसं खाटेवर बसली की पडल्या पडल्या त्यांना उठवायची. खरं सांगते, मला दोन हात कमी पडायचे तिथं तिचा एक वर केलेला हात पुरायचा.

भाऊ आवारातल्या कडुनिंबाखाली तीन दगडांच्या चुलीवर दोघांचं रांधायचा. दुपारचं जेवण घेऊन यायचा आणि तिच्या पायाशी बसायचा. त्या लोंबत्या विटांकडे बघितलं की त्याचे डोळे भरायचे. "गुन्हा केल्यावानी टांगलंय माज्या आक्काला," असं तो मला एकदा म्हणालाही होता.

काही दिवसांनी डॉक्टरांनी टेप लावून पाय मोजला. पुन्हा मोजला. मोडका पाय आखूड भरत होता. आधी नीट आलेलं हाड परत सरकलं होतं.

डॉक्टरांचा पारा चढला. खाटेखालची फरशी पुसणारी एक बदली आया होती, गरीब, लेकुरवाळी. तिच्यावर त्यांचा डोळा गेला. "पुसताना तूच विटा वर उचलून ठेवतेस ना? उद्यापासून कामावर येऊ नकोस!" ती बिचारी हातातलं फडकं पिळत उभी राहिली. भाऊ दाराशी उभा होता, त्यानं मान खाली घातली.

आणि मावशीचा हात वर गेला. या वेळी तिच्या अंगाला कोणीच हात लावत नव्हतं.

"डाक्टरबाबा, आदी माजं ऐका, मंग तिला बोला. इटा तिनं न्हाई उचलल्या. माज्या भावानं उचलल्या. रोज दुपारी, समदी डुलक्या घ्यायची तवा. ह्यो रडायचा अन इटा स्टुलावर ठिवायचा. अन मी ठिवू द्यायची."

आयाचं फडकं पिळणं थांबलं.

"बरं वाटायचं मला," ती म्हणाली. "पायाला बी अन जिवाला बी. ह्याला न्हाई कसं म्हनू? पन तुमी सांगितलं हुतं. मी इतके दिस तुमच्या मागं लागले, आदी सांगा, आदी सांगा. माजी सांगायची पाळी आली अन मी त्वांड मिटून बसले. चूक माजी हाय. ह्या बाईचं काम काडू नगा."

असं सगळ्यांसमोर बोलायला काय लागतं, ते मला त्या दिवशी कळलं. तिच्याविषयी माझ्या मनात नुसती माया होती. त्या दिवसापासून आदर आला, तो आजही आहे.

डॉक्टर ओरडतील असं मला वाटलं होतं. त्यांनी स्टूल ओढलं, तेच विटांचं स्टूल, आणि त्यावर बसले. आधी आयाला म्हणाले, "तू तुझं काम कर." मग भावाला जवळ बोलावलं. "लिंबाची झाडं आहेत का तुमच्याकडे?"

"हायेत की. दोनचार जगलीत."

"कलम बांधल्यावर रोज दुपारी सोडून बघता का?"

"न्हाई बा. धरायचं न्हाई त्ये."

"मग?"

भावानं धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले. त्यानंतर तो विटांकडे पाठ करूनच बसायचा.

डॉक्टरांनी वीट वाढवली. हाड अजून कच्चं होतं म्हणून जमलं, नाहीतर हाड पुन्हा मोडून बसवावं लागलं असतं. नव्या ओढीनं तिला फार दुखलं. दुखलं की ती मला बोलवून सांगायची, "दुकतंय गं. काय करू नगं, निस्तं तुला सांगितलं." मी तिचा हात धरून घटकाभर बसायची. एवढ्यानंही तिला झोप लागायची.

सळई काढायच्या दिवशी डॉक्टर आले. तिचा हात निम्मा वर आला होता. तेवढ्यात तेच म्हणाले, "मावशी, आता सळई काढतो. क्षणभर कळ येईल. मग रक्त पुसून पट्टी बांधेन." तो हात तसाच खाली आला आणि तिनं नुसता पदर सारखा केला.

काठी घेऊन चालायला लागली, गुडघा थोडा थोडा वाकायला लागला, आणि घरी जायच्या सकाळी ती कडुनिंबाखाली भावाच्या चुलीपुढे गेली. काठी बाजूला ठेवली. झाडाला धरून, ओठ दाबून, हळूहळू खाली बसली. पुरती उकिडवी. मग दुष्काळात रेशनवर मिळायची त्या लाल मिलो ज्वारीचं पीठ मळून तिनं भाकरी थापल्या. पहिली भाकरी त्या आयाला दिली. दुसरीतला चतकोर मला मिळाला. मिलोची भाकरी घशाखाली उतरायची नाही म्हणतात. मला ती फार गोड लागली.

नंतर ती दोनदा पाय दाखवायला येऊन गेली, मग येणं थांबलं.

बऱ्याच वर्षांनी माझी बदली पुरुषांच्या वॉर्डात झाली. एका सकाळी अंतर्गळाच्या, म्हणजे हर्नियाच्या, ऑपरेशनसाठी एक म्हातारा आला होता. चेहरा ओळखू आला नाही, पण भरून आलेले ते डोळे ओळखू आले.

"आक्का कशी आहे?" मी विचारलं.

"आक्का गेली, शिस्टर. मागल्या साली. चुलीपुढं बसल्ती, तिथंच कलंडली. तव्यावरची भाकर मी उलटली."

मी सुई भरून घेतली आणि त्याच्या दंडाकडे वळले. त्याचा उजवा हात वर गेला. पंजा उघडा, बोटं जुळलेली.

"सांगते हं," मी म्हटलं, "ही सुई कशाची ते..."

"त्ये सांगा मागनं," तो म्हणाला. "आदी माजं ऐका. उपाशी ऱ्हा म्हनून तुमी बजावलं हुतं. पन मी सकाळी च्या प्यालोय. कपभर."

मी सुई ट्रेमध्ये परत ठेवली आणि स्टूल ओढून त्याच्याजवळ बसले.