मुक्ताचं लायसन्स व्हिक्टोरियाचंच राहिलं

मंडळी, आज ब्रिस्बेनमध्ये लेकीने मैदान मारलं.

मुक्ता इथल्या युनीत डॉक्टरकी शिकते, लष्करात दाखल होऊन, त्यांच्याच खर्चाने. आमचं घर व्हिक्टोरिया राज्यात, मेलबर्नच्या पॉइंट कुकमध्ये. आज तिच्यासोबत गाडीच्या लायसन्सचं विचारायला गेले. काउंटरवरची बाई म्हणाली, "इथे राहतेस ना? मग इथलं, क्वीन्सलँड राज्याचं घे."

मी लगेच म्हणाले, "घेऊन टाक."

मुक्ताने शांतपणे लष्कराचं पत्र पुढे केलं. लष्करातल्यांना घरच्या राज्याचं लायसन्स ठेवता येतं म्हणे. बाईने पत्र दोनदा वाचलं. "नो वरीज, ठेव तुझं व्हिक्टोरियाचं."

आता खरी गंमत. या देशात आल्यापासून मी प्रत्येक फॉर्मवर, रकाना नसला तरी, समासात 'कायमचा पत्ता: सातारा' लिहिते. या पोरीने शाळेपासून त्यावरून माझी थट्टा केलीय.

बाहेर आल्यावर विचारलं, "दोन्ही चालत होतं, मग एवढा हट्ट कशाला?"

"बिकॉज पॉइंट कुक इज होम, मम."

मी नुसतं तिच्याकडे बघितलं. तिला कळलं. "डोन्ट से इट," म्हणाली आणि हसत सुटली.

समासात पत्ता लिहिणारे अजून कोण कोण आहात इथे? हात वर करा, आज आपण जिंकलोय.